अकरा सेकंदांची पद्धत

२ जुलै

ताई,

तुला नमस्कार, आणि उरलेला मेव्हण्यांना.

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मेव्हण्यांनी उचलला आणि तू कामात आहेस म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी तर मागून तुझाच आवाज येत होता, "कोण आहे? नाही म्हणून सांगा." म्हणून हे पत्र. ईमेल करणार होतो, पण शाळेची ईमेल आधी मुख्याध्यापक वाचतात आणि मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, असं तूच एकदा कळवलं होतंस.

काम असं आहे. आमच्या विद्यापीठाला एका आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्यात घेतलंय. नऊ देश, प्रत्येक देशातल्या दोन शाळा, एक वर्ष. विषय : शिक्षक शिकतात कसे. मुलं नव्हे, शिक्षक. इथला समन्वयक मी. प्रत्येक शाळेतले सहा शिक्षक महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसणार, चौदा प्रश्नांचा फॉर्म भरणार आणि महिनाअखेर त्यावर बोलणार. एका तासाचं चित्रीकरण होईल. कोणी कोणाला गुण देणार नाही, कोणी कोणाच्या चुका काढणार नाही.

एक शाळा मिळाली. दुसरी तुझी हवी. सहावीला अठ्ठावीस वर्षं गणित शिकवणारी बाई मला दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही, आणि सापडली तरी ती माझं ऐकणार नाही.

उत्तर लवकर पाठव. बाकी सगळं उत्तम चाललंय.

तुझा,
टिल्लू
(पाकिटावर डॉक्टर लिहिलंय ते पोस्टमनसाठी.)


११ जुलै

टिल्लू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून द्यायचे नसतात.

तुझं पत्र मी मुख्याध्यापकांना दाखवायच्या आत तुझी ईमेल त्यांच्याकडे पोचली होती. म्हणजे तू मला विचारलंस आणि त्यांना कळवलंस. तुमच्या शास्त्रात याला सहभाग म्हणत असतील. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द वाचल्यापासून ते टाय घालून येतात. जिन्याला रंग द्यायला घेतलाय, त्यामुळे सध्या सगळे मागच्या दाराने वर जातो.

सहा शिक्षक निवडले. निवडले म्हणजे त्या वेळी जे शिक्षकखोलीत बसले होते ते सहा. माझी जोडी शास्त्राच्या बाईंशी लावली आहे. सव्वीस वर्षांची मुलगी, दोन वर्षांपूर्वी लागली. हुशार आहे, तुमच्या त्या परदेशी मंडळींची भाषाही शिकलेली आहे, पण बोलते इतकी हळू की समोरच्याने तिच्या तोंडातच कान घालावा. हल्लीच्या मुलींना तोंड उघडायला काय होतं कोण जाणे.

मी नाहीच म्हणणार होते. पण अडचणीत असलास की तुझं अक्षर उजवीकडे कलतं, आणि हे पत्र पार आडवं झालंय. तेव्हा हो. दोन अटी. माझ्या तासाला कोणी बसणार असेल तर आठ दिवस आधी सांगायचं. आणि चर्चेत एका वेळी एकानेच बोलायचं.

फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. मला फोनवर बोलायला कधीच आवडलं नाही.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

फॉर्म मिळाले. पाच. सहावा, म्हणजे तुझ्या तासाचा, सलग दुसऱ्या महिन्यात आलेला नाही. मुख्याध्यापक कळवतात की पहिल्या वेळी तू अख्खा वर्ग मैदानावर नेऊन क्षेत्रफळ मोजायला लावलंस आणि दुसऱ्या वेळी अचानक चाचणी घेतलीस. चाचणीच्या वेळी मागच्या बाकावरून फक्त मुलांच्या माना दिसतात, हे तुलाही ठाऊक आहे.

आमच्या तक्त्यात 'प्रतिकार' नावाचा एक रकाना आहे. ज्येष्ठ शिक्षक सुरुवातीला निरीक्षण टाळतात, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. सध्या नऊ देशांत मिळून त्या रकान्यात तू एकटी आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस. त्यावर एक उपविभाग होऊ शकतो.

पण खरं सांग, तुला कसली भीती वाटते? माझ्या पहिल्या भाषणाच्या वेळी तूच म्हणाली होतीस, "पाहणारे काय खाणारेत का तुला?"

चित्रीकरण १० सप्टेंबरला. आठ दिवसांपेक्षा जास्तच मुदत देतोय. मैदान नको.

टिल्लू


२४ सप्टेंबर

टिल्लू,

झालं एकदाचं. कॅमेरावाला खिडकीच्या कट्ट्यावर बसला, शास्त्राच्या बाई मागच्या बाकावर. मी अपूर्णांकांचा भागाकार घेतला. पोरं आंघोळ करून, भांग पाडून आली होती, त्यामुळे निम्मी मला ओळखूच आली नाहीत.

शास्त्राच्या बाईंनी फॉर्म भरून दिला. प्रश्न सातवा : 'शिक्षक विद्यार्थ्यांच्या उत्तरांना कसा प्रतिसाद देतात?' त्यापुढे तिने लिहिलंय, 'घाई करत नाहीत.' मी तिला म्हटलं, एवढंच? ती काहीतरी म्हणाली. बहुतेक एवढंच.

परवा पडद्यावरची सभाही झाली. समुद्रापलीकडच्या शाळेतले सुतारकामाचे मास्तर होते. चांगला माणूस वाटला, सगळा वेळ हातात रंधा धरून बसला होता. तुमच्या जाळ्याच्या त्या मुख्य परदेशी प्राध्यापकबाई होत्या. दुभाषी मुलगी होती, ती तर पडद्यावर नव्हतीच, नुसता डब्यातून आवाज. तो डबा भारी खरखरतो. प्राध्यापकबाईंनी मला काहीतरी लांबलचक विचारलं, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक तर उभे राहिले.

मी काय कबूल केलं ते कळव.

ताई


१५ ऑक्टोबर

ताई,

तू असं कबूल केलंस की प्राध्यापकबाई फेब्रुवारीत येतील, दोन दिवस तुझ्या वर्गात बसतील आणि तुझ्याच घरी राहतील. मेव्हण्यांना सांगितलं नसशील तर आता सांग.

पण त्याहून मोठी बातमी आहे. बसून वाच.

तुझ्या तासाचं चित्रीकरण मी पाहिलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतो, हे आम्ही घड्याळ लावून मोजतो. आमच्या सतरा शाळांत शिक्षक सरासरी दीड सेकंद थांबतात, मग उत्तर स्वतःच देऊन टाकतात. तू अकरा सेकंद थांबतेस. मी तीनदा मोजलं. अकरा सेकंद म्हणजे वर्गात एक युग, ताई! कोणी उत्तर दिलं तरी तू बरोबर की चूक सांगत नाहीस, नुसती बघत राहतेस. मग दुसरं पोर ते उत्तर सुधारतं. मग तू तिसऱ्याला म्हणतेस, "ती काय म्हणाली, ते तू सांग बघू." आणि शेवटी सगळ्यांना उत्तर वहीवर मोठ्ठं लिहून वर धरायला लावतेस. म्हणजे मागच्या बाकावरचं पोरही सुटत नाही.

प्राध्यापकबाईंनी ती फीत सगळ्या देशांना पाठवली. सुतारमास्तरांनी त्यांच्या वर्गात करून पाहिलं. ते म्हणतात सहाव्या सेकंदाला त्यांना घाम फुटतो. मी निबंध लिहायला घेतलाय : 'प्रदीर्घ प्रतीक्षा : एका अनुभवी शिक्षिकेची पद्धत'. मार्चच्या वार्षिक सभेत वीस मिनिटं मिळालीत मला. 'प्रतिकार'च्या रकान्यातून तुला काढलं.

एकच सांग. हे तू कुठे शिकलीस?

टिल्लू


९ नोव्हेंबर

टिल्लू,

कुठेच नाही. आता तू बसून वाच.

मंगळवारी तिसऱ्या तासाला मी फळ्यावर उदाहरण लिहीत होते. शास्त्राच्या बाई या महिन्याचा फॉर्म घेऊन मागे बसल्या होत्या. मी वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून काहीतरी सांगत होती. शांत मुलगी आहे, कधी हात वर करत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, "शाबास, ये पुढे, फळ्यावर करून दाखव." ती आली. फळ्यापाशी पोचली आणि कोसळली. चौथऱ्याची कड लागली कपाळाला. चार टाके पडले.

ती उत्तर सांगत नव्हती. "बाई, मला गरगरतंय," असं म्हणत होती. मी पाठमोरी असताना दोनदा आणि वळल्यावर एकदा.

मला ऐकू येत नाही, टिल्लू. तीन वर्षं झाली. आधी पोरींचे बारीक आवाज गेले, मग पोरांचे. मोठ्या माणसांचं समोरून, ओठ दिसले तर जमतं. साठ आणि आठ मला सारखेच ऐकू येतात; गणिताच्या बाईला याहून वाईट काय असेल! म्हणून मी थांबते. पहिलं उत्तर कळत नाही, तेव्हा दुसरं कोणी जरा मोठ्याने म्हणेल म्हणून वाट बघते. नाहीच कळलं तर शेजारच्याला विचारते. तेही नाही कळलं तर वहीवर लिहायला लावते. ही माझी पद्धत. तुझ्या निबंधाला हवं ते नाव दे.

तुझ्या मेव्हण्यांना ठाऊक आहे. ते फोन उचलतात, दारावरच्याशी बोलतात, मी उत्तरं देते. दोघांत मिळून एक माणूस पुरा होतो. कोणाला सांगितलं नाही, कारण आमच्या चित्रकलेच्या सरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना ग्रंथालयात बसवलं, आणि आमच्या ग्रंथालयात एक कपाट आहे. ते दोन वर्षं त्या कपाटासमोर बसून होते. मला ते नको होतं. मला वर्ग हवा होता. एवढंच डोक्यात होतं. कोणा पोरीला लागेल हे नव्हतं.

मुलीची आई दवाखान्यात आली ती माझीच माफी मागत. म्हणाली, पोरीने सकाळी काही खाल्लं नव्हतं, तुम्हाला उगाच त्रास. आणि मी म्हटलं, "असू दे." असू दे! टिल्लू, मी त्या बाईला 'असू दे' म्हटलं.

शास्त्राच्या बाईंचा फॉर्म मी पाहिला. प्रश्न नववा. 'शिक्षिकेने अबोल विद्यार्थिनीला पुढे येण्यास प्रोत्साहन दिले.' मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिला कधीपासून कळलंय कोण जाणे.

आता तो निबंध थांबव.

ताई


२१ डिसेंबर

ताई,

उत्तराला उशीर झाला. विद्यापीठात गडबड होती. हे खरं नाही. तुझं पत्र टेबलाच्या खणात होतं आणि मी खण उघडत नव्हतो.

ऐकून वाईट वाटलं. तू कानाच्या डॉक्टरांना दाखव, लगेच दाखव.

आता निबंधाचं. तुझा तास म्हणजे आमची सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. ती सगळ्या देशांच्या एकत्रित तक्त्यात गेलीय. संशोधनाच्या दृष्टीने पाहिलं तर कृतीमागचा हेतू आणि कृतीचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू का थांबतेस यापेक्षा तू थांबल्यावर वर्गात काय होतं, हे आमच्या चौकटीत जास्त महत्त्वाचं आहे. त्यामुळे मला वाटतं की मार्चची सभा होईपर्यंत ही माहिती आपल्यातच राहावी.

तुला हेही सांगायला हवं. इथली दुसरी शाळा सप्टेंबरमध्येच सोडून गेली. त्यांचे मुख्याध्यापक बदलले. मी कळवलं नाही. आता माझ्याकडे फक्त तुझी शाळा आहे, आणि तुझ्या शाळेत फक्त तुझा तास. वार्षिक सभेत तेही कोलमडलं तर माझं पद जूनमध्ये संपतं. चौदा वर्षं मी एका पदावरून दुसऱ्या पदावर उड्या मारतोय. आता पुढचा दगड दिसत नाही.

मार्चपर्यंत. एवढंच मागतो.

टिल्लू


२९ डिसेंबर

टिल्लू,

मुलीच्या घरी जाऊन आले. आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी तीनदा बोलली." मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला दुसऱ्या तुकडीत घातलं. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

मुख्याध्यापकांनाही सांगितलं. ते बराच वेळ टायशी खेळत बसले. मग म्हणाले, "बाई, फेब्रुवारीनंतर सांगितलं असतं तर बरं झालं असतं." तुम्हा दोघांचं कॅलेंडर एकाच छापखान्यातलं दिसतं. त्यांनी वर कळवलंय. वरून उत्तर येईपर्यंत वर्ग माझ्याकडे आहे. एका पुढच्या बाकावर रोज शास्त्राच्या बाई नाहीतर दुसरं कोणी मोठं माणूस बसेल, ही मुख्याध्यापकांची अट. पाठमोरी असताना काही झालं तर मला कळावं म्हणून. मला मान्य आहे.

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कानांना मशीन लागेल. मार्चमध्ये मिळेल.

मार्चपर्यंत गप्प राहणं मला जमणार नाही. पाहुण्या आल्या की मी त्यांना सांगणार आहे. त्यांची भाषा मला येत नाही, तेव्हा तुलाच भाषांतर करावं लागेल. ये.

ताई


१९ फेब्रुवारी

टिल्लू,

पाहुण्या गेल्या. तुझ्या मेव्हण्यांना त्या फार आवडल्या. दोघांनी न बोलता दोन दिवस पत्ते खेळले.

तू गाडीत बसताना माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर शिक्षकखोलीत आपण चौघं बसलो होतो. प्राध्यापकबाई, तू, मी आणि खिडकीशी शास्त्राच्या बाई. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. म्हणून मी थांबते." दोन वाक्यं. तू त्यांच्याकडे वळलास आणि बोलू लागलास. मला ऐकू येत नाही, पण मोजता येतं. तू सात वाक्यं बोललास. बोलता बोलता हात हलवलेस. प्राध्यापकबाईंनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि वहीत काहीतरी लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

कोणाला ऐकू येत नाही असं कळल्यावर माणूस त्याच्या कानाकडे बघतो, टिल्लू. इच्छा नसली तरी बघतो. त्या बाईंनी माझ्या कानाकडे एकदाही पाहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी शास्त्राच्या बाईंना विचारलं, तो काय म्हणाला? ती आधी सांगेना. मग तिने वहीवर लिहून दाखवलं. 'बाई म्हणतात, मुलांचं नुसतं ऐकणं पुरेसं नाही. म्हणून मी थांबते.' बाकीची पाच वाक्यं माझ्या बालपणाविषयी होती म्हणे.

ती रडायला लागली. म्हणाली, आणि या वेळी तोंड उघडून म्हणाली, मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं, बाई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून फॉर्ममध्ये तसं लिहीत होते. आणि ती मुलगी तिसऱ्यांदा बोलली तेव्हा मी उठायला हवं होतं, पण निरीक्षकाने मध्ये बोलायचं नाही असं तुमच्या भावाच्या सूचनेत आहे. मी तिला म्हटलं, तू आणि मी, दोघींनी मिळून ती पोर पाडली. त्यावर आम्ही दोघी चहा प्यायलो. दुसरं काय करणार?

मी प्राध्यापकबाईंना पत्र लिहू शकते. शास्त्राच्या बाई भाषांतर करतील. पण लिहिणार नाही. तू सांगायचंस.

सतराचा पाढा मी तुला न्हाणीघराच्या दारात बसून शिकवला. तू दर वेळी एकशे दोन गाळायचास आणि पुढचं इतकं भरभर म्हणायचास की कोणाला कळू नये. मला कळायचं. मी मुद्दाम काही बोलत नव्हते, म्हटलं, स्वतःहून सांगेल. तुझ्या बाबतीत मी अकरा सेकंद नाही, अडतीस वर्षं थांबलेय. आता पुरे.

ताई


३० मार्च

ताई,

सांगितलं.

कसं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो. सभागृहात दीडशे माणसं होती. माझ्यामागे पडद्यावर तुझा मोठा फोटो होता, हात वर, खडू हातात, आणि खाली 'अकरा सेकंद'. मी पहिली चार मिनिटं ठरल्याप्रमाणे बोललो. लोक लिहून घेत होते. सुतारमास्तर पहिल्या रांगेत होते, ते मान डोलावत होते. आणि मग मला पुढचं वाक्य आठवेना. म्हणजे कागद समोर होता. वाचता येईना.

मग मी म्हटलं, या शिक्षिका माझी बहीण आहेत. त्यांना ऐकू येत नाही. त्या थांबतात कारण त्यांना उत्तर ऐकू आलेलं नसतं. हे त्यांनी मला नोव्हेंबरमध्ये लिहून कळवलं आणि फेब्रुवारीत माझ्यासमोर सांगितलं. मी त्याचं चुकीचं भाषांतर केलं. एका मुलीला चार टाके पडले, ती नोंद आमच्याकडे 'प्रोत्साहन' म्हणून आहे.

एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेक सवयीने. मग शांतता. किती वेळ ते मी मोजलं नाही.

दुपारी समितीने दोन तास चर्चा केली. चर्चा अशी की तुझा तास कोणत्या रकान्यात टाकायचा. एकजण म्हणाले, 'अपंगत्व'. एकजण म्हणाले, 'पद्धत' राहू द्यावं, परिणाम चांगला आहे. शेवटी आमची जागा पूर्णच वगळली. आठ देश उरले. मला ते योग्य वाटतं, आणि वाईटही वाटतं.

प्राध्यापकबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी तिने मला हे सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि मी छातीवर हात ठेवला?"

"हो."

त्या दोन पायऱ्या उतरल्या, परत वर आल्या आणि म्हणाल्या, "तिच्या नवऱ्याने मला पत्त्यांत फसवलं, तेवढं मला त्याच वेळी कळलं होतं." आणि गेल्या. चांगलं म्हणायचं होतं की वाईट, अजून कळत नाही.

सुतारमास्तरांनी मात्र निरोप दिलाय. कारण काहीही असो, ते थांबणं सोडणार नाहीत. आठव्या सेकंदापर्यंत पोचलेत. घाम अजून फुटतो.

माझं पद जूनमध्ये संपतं. इथल्याच एका अध्यापक विद्यालयात नोकरी मिळाली आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं. आणि आता खरी गोष्ट, जी चौदा वर्षांत कोणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. मी कधी वर्गात शिकवलेलं नाही, ताई. एकही तास नाही. मागच्या बाकावर बसलोय, शेकडो वेळा. पहिला तास १७ जूनला आहे. चाळीस जण असणार.

पहिल्या दिवशी करतात काय?

तुझा,
टिल्लू


१४ जून

टिल्लू,

पहिल्या दिवशी नावं विचारतात. एक एक करून, घाई न करता. चुकीचं ऐकू आलं तर परत विचारायचं, लाजायचं नाही. फळ्यावर लिहिताना अधूनमधून मागे वळायचं. घंटेच्या आधी दोन मिनिटं थांबायचं, कारण पुढचं कोणीच ऐकत नसतं. आणि पाणी पिऊन जा. तुझा घसा सुकतो. बाकीचं रोज चुकत चुकत येतं. मला अजून येतंय.

मशीन मिळालं. पहिले आठ दिवस मी कोणाशी बोलले नाही, इतका गोंगाट. पंखा किती किरकिरतो! खडू तर सुरीसारखा ओरडतो. तुझे मेव्हणे चहा पिताना काय आवाज करतात हे मला तीन वर्षांनी कळलं. ते म्हणतात, काढून ठेव. मी म्हटलं, तुम्ही बशी सोडा.

वरून उत्तर आलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, उत्तर येत नाही म्हणजे वर्ग तुमच्याकडेच. जिन्याचा रंग मात्र उडायला लागलाय. शास्त्राच्या बाई आता शिक्षकखोलीत भांडतात सुद्धा. परवा वेळापत्रकावरून मुख्याध्यापकांना असं काही सुनावलं की मला मशीन बंद करावं लागलं असतं, पण मी मुद्दाम चालू ठेवलं.

सोमवारी शाळा उघडली. नव्या सहावीचा पहिला तास. मी जिना चढून वर आले तर वर्गाच्या दाराशी घोळका. माझ्या मागच्या वर्षीच्या वर्गातली, आता सातवीत गेलेली वर्गप्रमुख मुलगी नव्या पोरांसमोर उभी होती. त्यांची पाठ माझ्याकडे. मी थांबले. हे यंत्र दहा पावलांवरचं कुजबुजणं सुद्धा आणून देतं.

ती सांगत होती, "गणिताच्या बाईंशी बोलताना त्यांच्याकडे तोंड करायचं. दोघांनी एकदम बोलायचं नाही. मागच्या बाकावरच्याचं ऐकू गेलं नाही तर मधल्याने ते मोठ्यांदा म्हणायचं, जसं काही आपलंच उत्तर आहे. बाईंनी परत विचारलं तर हसायचं नाही. आणि त्यांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटतं."

एकाने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "आमच्या आधीच्यांनी. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

तीन वर्गांची पोरं, टिल्लू. कोणी शिकवलं नाही, कोणी फॉर्म भरला नाही, निम्म्यांना अपूर्णांक अजून येत नाहीत. आणि मी समजत होते की मी त्यांच्यापासून लपवते आहे.

मी दोन मिनिटं जिन्यात उभी राहिले, नाक पुसलं आणि आत गेले. पहिला प्रश्न विचारला, सोपा. तिसऱ्या बाकावरचा एक चिमुरडा उठला, पूर्ण माझ्याकडे वळला आणि छाती फुगवून, एकेक अक्षर तोडून, वर्गाच्या भिंती हादरतील अशा आवाजात उत्तर सांगू लागला. मशीनमधून ते तोफेसारखं आलं. सांगू शकले असते की बाळा, आता गरज नाही.

नाही सांगितलं. बटण फिरवून आवाज कमी केला आणि त्याला पुरतं बोलू दिलं.

ताई